फवारणीचा ड्रोन घ्यायचाय? मग खरेदी सगळ्यात शेवटी करा

"ड्रोन घरी आलाय, आता परवानगीचं काय करायचं तेवढं सांगा."

शेतकरी उत्पादक कंपनीचं, अवजारं भाड्याने देणारं केंद्र सांभाळतो म्हणून असे फोन मला अधूनमधून येतात. फोन करणारा बहुतेक वेळा पंचविशी-तिशीतला, घरच्यांना पटवून पैसे उभे केलेला मुलगा असतो. कृषी प्रदर्शनात ड्रोन उडताना पाहिला, विक्रेत्याने हप्ता सांगितला, सौदा झाला. मग एकेक गोष्ट कळायला लागते. गाव विमानतळाच्या हद्दीत येतं. यंत्राला प्रमाणपत्रच नाही. किंवा अनुदानाची पूर्वसंमती मिळण्याआधीच बिल झालेलं असतं.

ट्रॅक्टर घेताना आपण कायद्याचा फार विचार करत नाही, कारण ती वाट मळलेली आहे. आरटीओ, विमा, बँक, सगळं शोरूमवालाच बघतो. ड्रोनचं अजून तसं झालेलं नाही. एकच यंत्र, पण विमान वाहतुकीच्या नियमांना ते विमान दिसतं, कीटकनाशक कायद्याला हवाई फवारणी दिसते, विम्याच्या बाबतीत ते मोटारगाडीच्या रांगेत बसतं आणि जीएसटीला ती शेतीची सेवा वाटते. हे सगळे दरवाजे वेगवेगळे आहेत आणि त्यातला एक जरी बंद निघाला तरी यंत्र शेडमध्ये पडून राहतं. म्हणून भाड्याने फवारणी करून देण्याचा धंदा ज्यांना सुरू करायचाय, त्यांना मी उलट्या क्रमाने जायला सांगतो. आधी आकाश, मग पीक, मग माणूस, मग हिशोब. यंत्र शेवटी.

आधी आकाश बघा

भारतात ड्रोनसाठी 'ड्रोन नियम, २०२१' लागू आहेत. २५ ऑगस्ट २०२१ला ते आले आणि त्याआधीचा परवान्यांचा ढीग बराच कमी झाला. या नियमांनी आकाशाचे तीन रंग केलेत. हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रकांची परवानगी लागते. लाल भागात केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही. हा नकाशा सरकारच्या डिजिटल स्काय या व्यासपीठावर कुणालाही बघता येतो.

आपण तर पिकावर जेमतेम दहा फुटांवरून उडवणार, मग ४०० फुटांशी काय देणंघेणं, असं वाटेल. पण रंग जमिनीपासूनच मोजला जातो. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा भाग धरतात, म्हणजे तिथे फवारणी चालते. ८ किलोमीटरच्या आत आलात की परवानगीचा विषय सुरू. नाशिककरांनी याकडे नीट बघावं. ओझरचा विमानतळ निफाड तालुक्यात, म्हणजे ऐन द्राक्षपट्ट्यात आहे. ज्या गावांत फवारणीला सगळ्यात जास्त मागणी, त्यातलीच काही गावं या वर्तुळात येतात.

तेव्हा एका संध्याकाळी बसा आणि ज्या वीस-पंचवीस गावांत काम मिळेल असं वाटतं, ती एकेक करून नकाशावर तपासा. वहीत गावापुढे रंग लिहा. नकाशा बदलत राहतो, म्हणून प्रत्येक कामाच्या दिवशी पुन्हा बघायचा. राज्य सरकार किंवा पोलीस एखादा भाग ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल जाहीर करू शकतात. मोठ्या नेत्याचा दौरा, मोर्चा, यात्रा असली की जिल्हा प्रशासन स्वतंत्र मनाई आदेशही काढतं. पोलीस पाटलाला एक फोन करून ठेवला की हे आधी कळतं. कोणत्याही ॲपपेक्षा हा फोन भरवशाचा.

मग पीक आणि शेजार

ड्रोनवर लिहिणारे बहुतेक लोक विमानाच्या नियमांवर थांबतात. खरा धोका टाकीत असतो.

साध्या फवारणीला पिकानुसार एकरी दीडशे-दोनशे लिटर पाणी जातं. ड्रोनने साधारण दहा लिटरमध्ये एकर होतो. औषधाची एकरी मात्रा तीच, पण पाणी पंधरा-वीस पट कमी, म्हणजे द्रावण तितकंच कडक. पंपाचं गणित डोक्यात ठेवून 'लिटरला इतके मिली' असं मोजलं तर एकराला औषध कमी पडतं आणि कीड मरत नाही. उलट, अंदाजाने वाढवलं तर पान करपतं. दोन्ही वेळा शिव्या ड्रोनवाल्याला. मात्रा नेहमी एकरी धरा.

दुसरं म्हणजे वाटेल ते औषध ड्रोनने मारता येत नाही. कीटकनाशक कायदा १९६८ सालचा. त्याखालच्या १९७१च्या नियमांत हवाई फवारणीचं स्वतंत्र कलम आहे, ते तेव्हाच्या विमानांसाठी लिहिलेलं. त्यात मान्यताप्राप्त औषध, मान्य तीव्रता आणि मान्य उंची यांचं बंधन आहे. लोकांना किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते. धुण्याची आणि प्रथमोपचाराची सोय करण्याची जबाबदारी फवारणी करणाऱ्याची असते, आणि माणसं-जनावरं ठरावीक काळ शेतात जाणार नाहीत हे बघावं लागतं. डिसेंबर २०२१मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने खास ड्रोन फवारणीची कार्यपद्धती काढली, तीही याच वळणाची आहे. ती छापून गाडीत ठेवा. कोणती औषधं ड्रोनसाठी चालतात ते तालुका कृषी अधिकाऱ्यांकडून प्रत्येक हंगामाच्या सुरुवातीला विचारून घ्या, कारण यादी एकदाच पाठ करून चालत नाही.

या काटेकोरपणाचा कंटाळा आला तर २०१७चा खरीप आठवावा. यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पिकात न शिरता लांब उभं राहून फवारता येणं, ही ड्रोनची खरी किंमत मी तिथे मोजतो. वेळ आणि पाणी वाचतं ते नंतर.

आता शेजार. पंख्याच्या हवेने तुषार वाहून जातात, आणि आपल्याकडे बांधाला बांध लागून आहेत. २,४-डी हे तणनाशक उसात सर्रास चालतं, पण कपाशी आणि द्राक्ष यांना त्याचा नुसता वास लागला तरी पानं वेडीवाकडी होतात. तुतीच्या पानावर कीटकनाशक गेलं तर ते पान खाणाऱ्या रेशीम अळ्यांची अख्खी बॅच जाते, आणि रेशीमवाल्याच्या ते दोन दिवसांनी लक्षात येतं. तोवर तुम्ही तिसऱ्या गावात असता. निर्यातीच्या द्राक्षबागेशेजारी वेगळीच भानगड असते. त्या बागेचा माल औषधाच्या उर्वरित अंशाच्या तपासणीतून जातो, आणि बागायतदाराने कधीच न वापरलेलं औषध अहवालात आलं तर तो तुमच्याकडेच येणार.

माझ्या नियमाने काम घेण्याआधी शेताच्या चारी बाजूंना काय आहे ते स्वतः फिरून बघायचं. तुती, मधपेट्या, निर्यातीची बाग, शाळा, विहीर, यांपैकी काही असेल तर त्या बाजूची पट्टी सोडायची किंवा काम नाकारायचं. ड्रोनने तणनाशक मारायचं काम मी तर सरळ नाहीच म्हणतो. कायद्याने बंदी आहे म्हणून नव्हे, त्यातून मिळणाऱ्या पाचशे रुपयांसाठी रात्रीची झोप घालवणं परवडत नाही म्हणून.

आणि हो, द्राक्षाच्या मांडवावर ड्रोनचं कव्हरेज हा वादाचा विषय आहे. वरून पडणारं औषध पानाच्या खालच्या बाजूला आणि घडाच्या आत नीट पोचत नाही. सोयाबीन, तूर, मका, ऊस या पिकांत ड्रोन शोभतो. उसात तर डोक्याएवढं पीक झाल्यावर दुसरा पर्यायच उरत नाही. मागणी मोजताना बागायती पिकांच्या जास्त दराला भुलू नका.

उडवणार कोण?

वजनाप्रमाणे ड्रोनचे वर्ग आहेत. २५० ग्रॅमपर्यंत नॅनो, २ किलोपर्यंत मायक्रो, २५ किलोपर्यंत स्मॉल, पुढे मीडियम आणि लार्ज. वजन धरायचं ते भरलेल्या टाकीसकट. दहा लिटरच्या टाकीचे फवारणी ड्रोन साधारणपणे स्मॉल वर्गात बसतात. टाकी मोठी घेतली की वजन २५ किलोच्या वर जाऊन वर्ग बदलू शकतो, आणि पायलटचं प्रमाणपत्र ज्या वर्गाचं असेल त्याच वर्गाचा ड्रोन त्याला उडवता येतो. 'थोडी मोठी टाकी घेऊ' हे वाक्य बोलण्याआधी हे लक्षात ठेवा.

रिमोट पायलट प्रमाणपत्रासाठी वय १८ ते ६५, दहावी पास आणि डीजीसीएची, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता असलेल्या संस्थेतून प्रशिक्षण, एवढ्या अटी आहेत. प्रमाणपत्र दहा वर्षं चालतं. पूर्वी पासपोर्ट लागायचा. गावाकडच्या मुलांना तो मोठा अडथळा होता. सप्टेंबर २०२३च्या दुरुस्तीने मतदार ओळखपत्र, रेशनकार्ड किंवा वाहन परवान्यावर काम होतं. 'दोन दिवसांत सर्टिफिकेट' म्हणणाऱ्या जाहिराती दिसतात. पैसे भरण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत आहे का ते स्वतः बघा.

माझा सल्ला आहे की एक नको, दोन पायलट तयार करा. ऐन हंगामात एकुलत्या पायलटच्या घरी लग्न निघतं किंवा दुसऱ्या जिल्ह्यातला ड्रोनवाला त्याला जास्त पगार देऊन नेतो. मग शेडमध्ये यंत्र आणि हातात हप्त्याचं पुस्तक. बचत गटांच्या बायकांना 'नमो ड्रोन दीदी' योजनेत हे प्रशिक्षण पंधरा दिवसांचं मिळतं, आणि घरातल्या एकाला मदतनीस म्हणून पाच दिवसांचं वेगळं. योजना आखणाऱ्याने शेत पाहिलेलं दिसतंय. बॅटऱ्या वाहणं, औषध कालवणं, बांधावरच्या पोरांना लांब ठेवणं हे एका माणसाचं काम नाहीच.

हिशोब, तोही कागदावर

विक्रेता सांगतो दिवसाला वीस-पंचवीस एकर. सलग वीस एकराचा तुकडा असेल तर होतातही. पण २०१५-१६च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातलं सरासरी खातं, म्हणजे एका शेतकऱ्याकडची जमीन, १.३४ हेक्टर निघालं, म्हणजे सव्वातीन एकर. प्रत्येक खात्यानंतर गाडी भरा, रस्ता शोधा, पुन्हा मांडा. दिवस त्यातच जातो.

एक उदाहरण मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, आपल्या भागातले स्वतः काढून घाला. दर एकरी ५०० रुपये, दिवसाला १५ एकर, वर्षात कामाचे ६० दिवस. झाले ९०० एकर, साडेचार लाख रुपये. आता खर्च. पायलट आणि मदतनीस रोजी १,५०० म्हणजे ९० हजार. गाडी, डिझेल, जनरेटर रोजी १,२०० म्हणजे ७२ हजार. विमा आणि दुरुस्ती ६० हजार. राहिल्या बॅटऱ्या, ज्या सगळे विसरतात. एका चार्जला एक एकर धरला तर ९०० चार्जिंग झाली. एक संच ३०० वेळा चार्ज होतो आणि ५० हजाराला येतो असं धरलं, तर वर्षात तीन संच, दीड लाख. बेरीज ३ लाख ७२ हजार. हातात उरले ७८ हजार.

ड्रोन ६ लाखांचा, ४० टक्के अनुदान गेलं, उरले ३ लाख ६० हजार. पाच वर्षांत फेडायचे तर व्याज न धरताही वर्षाला ७२ हजार. म्हणजे वर्षभर राबून सहा हजार शिल्लक, आणि व्याज अजून बाकीच.

याच गणितात दिवसाला १५ऐवजी २० एकर झाले तर मुद्दल फेडून लाखभर उरतात. दर पन्नास रुपयांनी वाढवण्यापेक्षा रोजचे पाच एकर वाढवणं जास्त फळतं. त्याचा मार्ग एकच, एका शिवारातले दहा-बारा शेतकरी एकत्र बांधून एकाच दिवशी काम लावणं. म्हणून हा धंदा एकट्याने करण्यापेक्षा उत्पादक कंपनी, बचत गट किंवा सोसायटीच्या आधाराने बरा चालतो. साखर कारखान्याच्या गटाशी जोडून घेता आलं तर सोन्याहून पिवळं. तिथे ऊस नोंदणीच गावनिहाय असते.

अनुदान, कर्ज, कर

केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात अल्प-अत्यल्पभूधारक, अनुसूचित जाती-जमाती आणि महिला शेतकऱ्यांना किमतीच्या ५० टक्के, कमाल ५ लाख, आणि इतर शेतकऱ्यांना ४० टक्के, कमाल ४ लाख अशी मर्यादा ठरवलेली होती. अवजार सेवा केंद्रांना ४० टक्के, आणि केंद्र चालवणारा कृषी पदवीधर असेल तर ५० टक्के. ड्रोन दीदीमध्ये बचत गटाला ८० टक्के, कमाल ८ लाख. त्या योजनेची आखणी २०२३-२४ ते २०२५-२६ अशी होती, म्हणून आत्ता काय चालू आहे ते कृषी कार्यालयात विचारूनच पुढे जा. उरलेल्या रकमेला कृषी पायाभूत सुविधा निधीतून कर्ज मिळालं तर व्याजात ३ टक्के सवलत बसते.

महाडीबीटी या सरकारी अनुदानाच्या पोर्टलवर अर्ज केला असेल तर पूर्वसंमती पत्र हातात येईपर्यंत बिल करू नका. हे मी तीनदा सांगतो आणि तरीही लोक चुकतात. विक्रेता म्हणतो 'तारीख नंतर बदलून देऊ'. त्या वाक्यावर उठून निघून यायचं.

जीएसटीत एक गंमत आहे. पीक संरक्षणाची सेवा शेती उत्पादनाशी थेट जोडलेली म्हणून करमुक्त आहे, तेव्हा शेतकऱ्याच्या बिलावर जीएसटी लावायचा नाही. पण सेवाच करमुक्त असल्यामुळे ड्रोन घेताना भरलेला कर परत वळताही करता येत नाही. तो खर्चातच धरायचा. २२ सप्टेंबर २०२५पासून ड्रोनवरचा दर ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे हे ओझं पूर्वीइतकं जड राहिलेलं नाही. याच ड्रोनने एखाद्या बिल्डरच्या साइटचं चित्रीकरण केलं तर ती करमुक्त शेती सेवा नव्हे. ते बिल वेगळं ठेवा.

शेतकऱ्याशी एक पान

गावात तोंडी व्यवहार चालतो, मान्य. पण नुकसान झाल्यावर तोंडी गोष्टी बदलतात. मराठीत एका पानाचा छापील नमुना करा. शेतकऱ्याचं नाव, गट नंबर, पीक, औषधाचं नाव आणि बॅच नंबर, एकरी मात्रा, वेळ, वारा कसा होता, चारी बाजूंची पिकं, आणि खाली दोघांच्या सह्या. औषध शेतकऱ्याने स्वतः पक्क्या बिलावर आणायचं आणि त्या बिलाचा फोटो घ्यायचा. 'औषधासकट एकरी इतके' असं पॅकेज देऊ नका, कारण विक्री परवान्याशिवाय कीटकनाशक विकणं हा गुन्हा आहे. आणि चार औषधं, एक टॉनिक, वर थोडं विद्राव्य खत अशी मिसळ घेऊन आलेल्याला गोड बोलून परत पाठवा. ती नोझलमध्ये साकळते, आणि पीक करपलं तर कशाने करपलं ते कुणालाच सांगता येत नाही.

या पानावरचे मोबाइल नंबर औषध कंपनीच्या माणसाने मागितले तर देऊ नका. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला मुदत दिली आहे, पण सवय आत्तापासून लागलेली बरी.

नॅनो सोडून सगळ्या ड्रोनना तृतीय पक्ष विमा लागतो, आणि त्याला मोटार वाहन कायद्यातल्या तरतुदी लागू होतात. पॉलिसी घेताना विमा एजंटला एकच प्रश्न लेखी विचारा: औषध वाहत जाऊन शेजारच्या पिकाचं नुकसान झालं तर भरपाई मिळेल का? ड्रोन कोसळून कुणाला लागलं तर मिळते, पण तुषारांचा विषय कित्येकदा वगळलेला असतो. अपघात झालाच तर ४८ तासांच्या आत डीजीसीएला ऑनलाइन कळवावं लागतं. नियम मोडल्याचा दंड एक लाख रुपयांपर्यंत आहे.

आता यंत्र

इथवर आलात तर खरेदी सोपी आहे. तीन कागद मागायचे. पहिला, त्या मॉडेलचं टाइप सर्टिफिकेट, म्हणजे ते मॉडेल सरकारी तपासणीत उतरल्याचा दाखला. 'अप्लाय केलंय, येईल' हे चालत नाही. दुसरा, यंत्राचा युनिक आयडेंटिफिकेशन नंबर तुमच्या नावावर. हा गाडीच्या नंबरसारखा असतो आणि सेकंड-हँड घेतलात तर तो आपल्या नावावर करून घ्यावा लागतो. तिसरा, विम्याची पॉलिसी. परदेशातून आलेल्या तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२पासून बंदी आहे. सुटे भाग आणता येतात. त्यामुळे निम्म्या किमतीत मिळणारा आयात ड्रोन स्वस्त का आहे, हे वेगळं सांगायला नको. त्याला नंबरही मिळणार नाही आणि विमाही.

विक्री-करारात मी आणखी दोन ओळी घालायला लावतो. बिघाड झाल्यावर किती तासांत माणूस येणार, आणि यंत्र न्यावं लागलं तर बदली ड्रोन मिळणार का. सोयाबीनवर अळी आल्यावर आठ दिवस मिळतात. सर्व्हिस सेंटर दुसऱ्या राज्यात असेल तर त्या आठ दिवसांत कुरिअर फक्त पोचतं. बॅटरीची हमी महिन्यांत आहे की चार्जिंगच्या संख्येत, तेही लिहून घ्या.

पहिल्या दिवशी टाकीत औषध भरू नका. स्वतःच्या रानात नुसतं पाणी भरून, पिकात ठिकठिकाणी पाण्याचा थेंब पडला की रंग बदलणारे कागद टाचून पाच-सहा फेऱ्या मारा. वारा नसताना, मग थोडा असताना. बांधापलीकडेही दोन-चार कागद लावा, आणि त्यांच्यावर किती ठिपके उमटतात ते शेजाऱ्याला बोलावून दाखवा.